वाळवणातलं विरजण

जिलेटिनच्या कॅप्सुली जनावरांची हाडं उकळून करतात, हे रघुनाथानं आपल्या आईला सांगायचं काही कारण नव्हतं. पण हा माणूसच असा, की विचारलं की खरं सांगून मोकळा. अंबाबाईंनी सहज म्हणून विचारलं, "काचेवाणी दिसतंय, काय रे हें?" आणि ह्यानं सांगितलं. मग काय, मद्रासहून मागवलेला तो सबंध डबा चिमट्यानं उचलून मागच्या दारी गेला, ज्या ओट्यावर तो टेकला होता तो ओटा शेणानं सारवला गेला, आणि वत्सलेच्या वर्षभराच्या खटपटीवर पाणी पडलं ते पडलंच.

वत्सला ही अंबाबाईंची सून, आणि सून व्हायच्या आधी सख्ख्या भावाची लेक. दक्षिणेत राहून राहून तंजावरकडच्या मराठी घरांनाही ही रीत लागली आहे, आत्याच सासू होते. म्हणून वत्सला त्यांना आत्याच म्हणे, आणि दोघी भांडत त्याही रक्ताच्या हक्कानं. घरात मराठी, तीही अशी जुनी की पुण्याचा पाहुणा आला तर आपण बखर ऐकतोय की काय असं त्याला वाटावं. उंबरा ओलांडला की तमिळ. कुंभकोणच्या त्या घरामागं रघुनाथाचा केशतैलाचा लहानसा कारखाना होता आणि त्यातली पत्र्याची एक शेड वत्सलेकडं होती. ती मद्रासला शिकून बी.एस्सी. झालेली. एवढी शिकलेली बाई त्या शेडीत करते काय, हे कळल्यावर गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. ती दही वाळवत होती.

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. त्यामागची गोष्ट हसण्याची नव्हती. पापनाशमला डॉक्टर गुरुमूर्ति म्हणून एक लहान मुलांचा दवाखाना चालवीत. माणूस तोंडाचा कडू, कुणाला चांगलं म्हटल्याचं ठाऊक नाही, पण पोरांसाठी जीव टाकणारा. उन्हाळा संपून कालव्यांना पाणी सुटलं की त्या खेड्यांत तान्ह्या पोरांना हगवण लागे, आणि दूध पोटात ठरेना झालेली पोरं एका विशिष्ट दह्याचं पातळ ताक मात्र पचवीत, असा त्यांचा अनुभव होता. ते दही वत्सलेचं. म्हणजे मुळात दारासुरमच्या एका विणकर म्हातारीचं. तिच्याकडचं विरजण वत्सलेनं आणलं, शुद्ध करून वाढवलं, बरण्यांतून जपलं. ऐन उन्हाळ्यातही ते आंबून जात नसे, घट्ट लागे, आणि चमचा वर उचलला की मधासारखी बारीक तार धरी. त्या तारेवरून ते कुणीही ओळखावं.

अडचण एवढीच, की दही खेडोपाडी धाडता येत नाही. वाटेत नासतं. डॉक्टरांनी परदेशी भुकटीची बाटली मागवून पाहिली होती. जिवंत जंतू, असं वर छापलेलं. वत्सलेनं ती कोमट दुधात घातली नि दिवसभर वाट पाहिली, तर दूध आपलं दूधच. ह्या बाबतीत दुधासारखा साक्षीदार नाही. विरजणातला जीव जागा असेल तर दही लागतं, मेला असेल तर लागत नाही, मग बाटलीवर काय वाटेल ते छापा. "अम्मा," डॉक्टर म्हणाले, "मढं आलंय बोटीनं. तुम्ही मला जितं काहीतरी करून द्या. कोरडं, आईला पदराला बांधून नेता येईल असं."

वत्सलेनं ते मनावर घेतलं, आणि मग तिचे हाल कुत्रा खाईना. उन्हात वाळवलं तर मेलं. सावलीत वाळवलं तरी मेलं. मद्रासच्या ओळखीनं घट्ट झाकणाचं एक काचेचं भांडं आणलं, तळाशी कळीचा चुना घालून वर दही ठेवलं. चुना ओल ओढून घेतो, म्हणून आच न लावता वाळतं. त्यात थोडं जगलं, पण बरणीत भरून ठेवलं तर श्रावणापर्यंत तेही गेलं. मग कॅप्सुलींचा विचार केला, म्हणजे वरून काहीतरी चिलखत, तर त्यांची गत वर सांगितलीच.

त्यात रघुनाथाच्या केशतैलाला मागणी वाढली. बाटल्यांच्या पेट्या आधी ओसरीत आल्या, मग माजघरात, मग देवघराच्या दारापर्यंत. तो वाईट माणूस नव्हता. बायकोचा त्याला अभिमानही होता, फक्त तो तिला सोडून बाकीच्यांना सांगे. पण एके दिवशी जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "हा उन्हाळा बघू. तुझी कोरडी वस्तू उन्हाळा काढून जगली तर शेड तुझी, मी पुन्हा विषय काढायचा नाही. मेली तर पेट्या तिकडं हलवीन. मला दुसरी जागा नाही, वत्सी." तिनं ताटातला भात चिवडत बरं म्हटलं. त्या शेडीबाहेर ती कोण होती? केशतैलवाल्याची बायको आणि अंबाबाईंची सून. त्यात कमीपणा काही नव्हता, पण तेवढंच होऊन राहायची कल्पना तिला सोसवेना.

मार्ग सापडला तो दारासुरमला. म्हातारीकडं ती गेली होती, तर गल्लीत पहाटेच विणकरांनी रेशमाचा ताणा, म्हणजे उभे दोरे, लांबच लांब पसरून त्याला तांदळाची पेज लावायला घेतली होती. ऊन चढायच्या आत दोरा सावलीत वाळला पाहिजे आणि पेजेचं कवच चढलं म्हणजे मागावर तो तुटत नाही, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी मात्र ती तिथंच खिळली. आपण काय करतोय, तिच्या मनात आलं, ह्या बिचाऱ्या जिवांना आपण उघड्या अंगानं बाहेर काढतोय. रेशमाला पांघरूण घालतात, ह्यांना कुणी घालायचं?

घरी येऊन तिनं दही फडक्यात टांगून चक्का केला, त्यात आटवलेलं दूध, तांदळाची दाट पेज नि डिंक घालून पीठ तिंबलं. आता ह्याचे दाणे व्हायला हवेत, आणि तेही बारीक नि सारखे, म्हणजे लवकर वाळतील. यंत्र कुठलं आणायचं? तिनं स्वतः वळून पाहिले तर एक चिंचोक्याएवढा, एक मुगाएवढा. अंबाबाई दारातून बघत होत्या. त्यांच्या बोटांची ख्याती अशी, की लग्नकार्यात गव्हले वळायचे म्हटलं की पापनाशमपासून बोलावणं येई. रव्याच्या पिठाचे गव्हाएवढे दाणे ह्या बाई गप्पा मारता मारता परातभर वळत.

"हें गव्हले की उंदराच्या लेंड्या गो?" त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही वळा."

"वळीन. त्यात हाड नाही ना कसलं?"

"दूध, तांदूळ, डिंक. बाभळीचा."

"तर मग हें वळवटच जालं. वाळवण. पण मी स्नान करून सोवळ्यात बसणार, आणि रघूच्या त्या तेलकट हातांच्या पोरांनी इकडं फिरकायचं नाही." वत्सलेला हवं होतं तेच झालं. स्वच्छ धुतलेले हात, उकळलेली परात, आणि तेलकट पोरं चार हात लांब. तिनं मानही न हलवता पीठ पुढं सरकवलं, न जाणो आत्यांना वाटायचं आपण हिच्या कामाला लागलो.

असे ते दाणे तयार झाले. चुन्यावर वाळले, खणखणीत, दाताखाली कटकन फुटतील असे. मग वत्सलेनं मेण आणि खोबरेल एकत्र पातळ करून, ह्या दोन वस्तूंना तर त्या घरात तोटा नव्हता, दाण्यांवर वरून पातळसा हात चढवला, पावसाळी हवेची ओल आत शिरू नये म्हणून. दोन बरण्या भरल्या. एक डॉक्टरांच्या कपाटात गेली, दुसरी शेडीत फळीवर राहिली. आणि ठरलं असं, की दोन्ही उन्हाळा सरल्यावरच उघडायच्या. आधी उघडलं तर हवा लागणार. पण खरं सांगायचं तर हवेचं नुसतं निमित्त होतं. बरणी बंद होती तोवर वत्सलेला आशा होती. म्हणून अग्निनक्षत्राचा तो भाजणारा महिना ती पत्र्याखाली घाम पुसत बसली, फळीकडं बघत, पण हात लावला नाही.

ओलं विरजण तेवढं रोजच्या रोज चालू होतं. दोन बरण्या, आलटून पालटून ताज्या दुधात. तेच सगळ्याचं मूळ. तेवढ्यात दारासुरमची म्हातारी वारली, तेव्हा वत्सलेनं मनात म्हटलं, आता हे आपल्यापाशीच उरलं, डोळ्यांत तेल घालून जपलं पाहिजे. आणि जपलंही असतं.

पण पंचावन्न सालचं ते ग्रहण आलं.

लंकेत खग्रास, इकडं खंडग्रास, पण सूर्याचा चांगला मोठा तुकडा जाणार होता आणि तोही सकाळीच. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ग्रहणात शिजलेलं, भिजलेलं, ओलं ते सगळं विटाळतं, ते टाकून द्यायचं. दूध, दही, लोणचं टाकवत नाही, म्हणून त्यात दर्भाची काडी घालून ठेवायची. कोरड्याला मात्र दोष नाही. आदल्या दिवशी अंबाबाईंनी दर्भाची जुडी सुनेच्या हाती दिली. "तुझ्या बरण्यांत घाल. विसरूं नको."

वत्सला जुडी घेऊन शेडीत गेली आणि थबकली. दर्भ कुठून आला? कालव्याच्या काठावरून. त्याच्यावर चिखल, गुरांचं शेण, कसले कसले जंतू. वर्षभर ज्याची शुद्धता राखली त्या विरजणात तो कसा घालायचा? आणि आत्यांशी वाद कसा घालायचा? मग तिनं शहाणपणा केला. दर्भाची काडी बरणीच्या गळ्याला बाहेरून बांधली. आत्यांचंही राहिलं आणि आपलंही, असं मनाशी म्हणून ती निघून आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार. काडी पाण्यात उकळून आत घातली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, पण इतकं साधं त्या बी.एस्सी. डोक्याला सुचलं नाही.

ग्रहण लागलं तशी हवा विचित्र झाली. भरल्या सकाळी उजेड पितळेसारखा पडला, पक्षी गप्प झाले. मोक्ष झाल्यावर सगळी गल्ली कावेरीवर स्नानाला लोटली. अंबाबाई पहिली बुडी मारून घरी परतल्या, कारण घर धुवायचं होतं, चूल सारवायची होती. वत्सला बायकांबरोबर मागं राहिली, चंद्रानं सूर्य कसा झाकला ते दोघीतिघींना नारळ नि लिंबू धरून समजावत.

ओल्या लुगड्यानं ती घरी आली तर तुळशीपाशी, उन्हात, दोन बरण्या पालथ्या घातलेल्या. चिंच नि राखेनं घासून लख्ख.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती तिथंच अंगणात बसली.

"आत दर्भ नव्हता गो," अंबाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि आवाजात माया होती, हेच वाईट. "गळ्याला गुंडाळलेला पाहिला. म्हटलं गडबडीत आत घालायचा राहिला. चुकतं माणूस. नारळाच्या बुंध्याशी ओतलं सगळं. रघूला सांगत नाही मी, तूही सांगूं नको."

वत्सलेला जे तोंडाला आलं ते ती बोलली. तुमच्या सोवळ्यानं माझं वाटोळं केलं म्हणाली. ते विरजण कुठं मिळणार आहे का आता, म्हणाली. पोरं मरतील तेव्हा दर्भ घाला त्यांच्या तोंडात, हेही म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर आपलेच ओठ चावले. अंबाबाई पळी हातात धरून ऐकत राहिल्या. पन्नास वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पळी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "मग आत घातला का नाहीस?"

हे सगळं कानावर गेलं तसा रघुनाथ सायकल काढून दारासुरमला गेला. म्हातारीची सून आता बाजारातून दही आणी, आणि तेही तिनं सकाळीच टाकलेलं. तसाच तो गाडी पकडून पापनाशमला गेला. डॉक्टरांच्या घरी दवाखान्याचं सगळं दही त्यांच्या आईनं ओतून दिलं होतं, डॉक्टर आत पोरांना तपासत असताना. घडोघडी इंजेक्शनची सुई उकळणारा तो माणूस, पण आईपुढं त्याचं काय चालणार? तंजावर जिल्ह्यात त्या दिवशी दारासुरमचं ते विरजण थेंबभर उरलं नाही.

उरले ते दाणे. अंबाबाईंनी शेड धुताना फळीवरची बरणी उचलून पुसून पुन्हा जागेवर ठेवली होती. वाळवणाला कसला विटाळ?

आता उघडण्यावाचून इलाज नव्हता. वत्सलेनं दूध उकळून कोमट केलं, दोन वाट्यांत घातलं. एकीत दाणे टाकले, दुसरी नुसतीच ठेवली, म्हणजे हवेतल्या कशानं दूध लागलं तर कळावं. दोन्ही झाकून उबेला ठेवल्या. संध्याकाळी पाहिलं, दूध पातळ. सकाळी पाहिलं, तरी पातळ. दोन्ही वाट्या सारख्याच, वर थोडी साय, बस्स.

ती शेडीत जमिनीवर बसली. म्हणजे हेही मेलं. रेशमाची पेज, आत्यांचे गव्हले, चुना, मेण, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. रघुनाथ दारात आला, वाटी पाहिली आणि परत फिरला. बाहेर कामगार पेट्या उचलून आणत होते, वायदा तसाच होता, तर त्यांना म्हणाला, "ठेवा खाली. आज नको." तिला ते ऐकू आलं आणि रडू फुटलं.

अंबाबाई येऊन शेजारी बसल्या. कालपासून दोघी बोलल्या नव्हत्या. त्यांनी वाटी पुढं ओढली, बोट घालून तळाशी चाचपलं आणि एक दाणा बाहेर काढला. त्यांचाच होता तो, बोटांनी ओळखला असणार. "मी वळला तस्साच आहे," त्या म्हणाल्या. "भिजला नाही कसा हा?"

वत्सलेनं तो त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावला. नखानं दाबला तर वरून बुळबुळीत, आत ठणठणीत कोरडा. रात्रभर दुधात राहून त्याला दूध शिवलं नव्हतं. आणि मग तिला स्वतःचाच असा राग आला की हसू आलं. मेण कुणी लावलं होतं? हिनंच. ओल आत जाऊ नये म्हणून लावलेलं मेण दुधाला तरी आत कसं जाऊ देईल? पोरांच्या पोटातही हे असेच खडे होऊन बाहेर पडले असते. घराला कुलूप लावलं आणि किल्ली आत ठेवली, त्यातली गत.

"मेले नाहीत आत्या," ती म्हणाली. "कोंडलेत."

खलबत्ता उकळत्या पाण्यानं धुतला. अंगाला सोसेल इतपत ऊन पाणी घातलं, गार नाही, कारण इतके दिवस सुकून पडलेल्या जिवाला गार पाण्यात उठवणं बरं नव्हे. मूठभर दाणे त्यात घालून ती हलक्या हातानं घोटत राहिली. मेणाचे पापुद्रे वर तरंगले ते फडक्यानं गाळून काढले. ते पांढुरकं पाणी नव्या दुधात मिसळलं, शेजारी पुन्हा एक नुसती वाटी ठेवली, दोन्ही घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या कणगीत बसवल्या. आणि दिवसभर त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रघुनाथ तीनदा कणगीपाशी आला आणि तीनदा आईनं त्याला हाकललं.

ऊन कलायला लागल्यावर वत्सलेनं घोंगडी सोडली. आधी नुसती वाटी कलती केली. दूध कडेला धावलं. मग दुसरी. रघुनाथानं खालून हात लावला. वाटी कलली. दूध हललं नाही. आणखी कलली. हललं नाही. तिनं चमचा घातला तर काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ निघाला, आणि चमचा वर उचलल्यावर खालून बारीक, लांब, चकाकती तार आली. तिघंही त्या तारेकडं बघत राहिले.

"लागलं," रघुनाथ म्हणाला.

अंबाबाईंनी तळहातावर थेंब घेऊन चाखला, डोळे मिटून. "तेंच," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जितं राखलंस गो. मी ओतून दिलं तें तू पुन्हा उठवलंस." वत्सला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. कालचं सगळं बोलणं त्यात वाहून गेलं.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. स्टेशनवरून डॉक्टर गुरुमूर्ति आले होते, घामानं निथळत, हातात टॉवेलात बांधलेलं भांडं. नेहमीसारखा आंबट चेहरा. कुणी बसा म्हणायच्या आत त्यांनी टॉवेल सोडला आणि भांडं सरळ पालथं केलं, आपल्या दुसऱ्या तळहातावर. काही पडलं नाही.

"काल तुमचे यजमान येऊन गेल्यावर बरणी उघडली," ते म्हणाले. "पोरांना द्यायचं म्हणजे खलात घोटूनच द्यायचं, ही माझी सवय, तशी घोटली. सकाळी हे असं. माझं कपाट कुठं आहे ठाऊक आहे ना, अम्मा? सुया उकळायच्या स्टोव्हच्या डोक्यावर. उन्हाळाभर मलाच तिथं उभं राहवत नव्हतं." त्यांनी भांडं सुलटं केलं. "बोटीतून आलेलं मेलं, आणि हे त्या भट्टीत जगलं. पाऊस सुरू व्हायच्या आत मला असल्या बरण्या हव्यात. जमतील तेवढ्या. तुम्ही फार चांगलं काम केलंत." हे शेवटचं वाक्य त्यांना इतकं जड गेलं की बोलून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

रघुनाथ मागच्या दारी गेला. कामगारांना त्यानं सांगितलेलं आतपर्यंत ऐकू आलं. "पेट्या देवघरापाशी लावा. नाही मावल्या तर माझ्या खोलीत. शेडीकडं कुणी न्यायच्या नाहीत, आज नाही नि पुढंही नाही." वत्सलेनं ते ऐकलं आणि घोंगडीची घडी घालायला घेतली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? ग्रहणानं गल्लीतल्या निम्म्या घरांचं विरजण बुडालं होतं. कुणी दर्भ घालायला विसरलं होतं, कुणाच्या सासूनं दर्भ असूनही ओतलं होतं. दिवेलागण व्हायच्या आत ओट्यावर बायका जमल्या, हातात वाट्या. पदराआडून हसणाऱ्या त्याच. शेजारची सुब्बलक्ष्मी पुढं झाली आणि संकोचून म्हणाली, "चमचाभर मिळेल का? नाही म्हणालात तरी रागावणार नाही आम्ही."

वत्सला वाटी घेऊन बाहेर आली आणि एकेकीच्या वाटीत घालू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. अंबाबाई मागं उभ्या होत्या. चार झाल्या तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. कालच जगातनं गेलेली वस्तू, आज एवढीशी हाती आली, आणि ही पोर वाटत सुटलेली. त्यांनी वाकून सुनेच्या कानात मराठीत म्हटलं, "अगो, संपेल की."

"संपू दे, आत्या," वत्सला म्हणाली. तिनं वाटीचा तळ खरवडून शेवटचा चमचा सुब्बलक्ष्मीच्या नणंदेला दिला, रिकामी वाटी आत्यांच्या हातात ठेवली आणि रांगेत उरलेल्या बायकांना म्हणाली, "थांबा जरा. दाणे घेऊन येते."